फुग्यांच्या बाहेर

“कोण बोलतंय हे?” भीमाचार्यांनी पडल्या पडल्या विचारले.

“शर्वरी, अण्णा.”

“कुठं उभी राहून?”

नरसिंहरावांनी हातातला कागद वरून खाली चाळला. ते त्यांनी लिहिलेच नव्हते.

‘मेघगडची शर्वरी’ ही चित्रकथा चौदा वर्षे मासिकात चालली. ढगांतल्या किल्ल्यावर एकटी राहून वादळांशी लढणारी ही मुलगी बेंगळूरच्या मराठी घरांत नात्यातली असल्यासारखी झाली होती. कथा आणि चित्रे भीमाचार्यांची. नरसिंहराव आठवडाभर कारखान्यात यंत्रांचे नकाशे गिरवत आणि रविवारी चामराजपेठेत भीमाचार्यांच्या घरी येऊन पात्रांच्या तोंडाजवळच्या फुग्यांत संवाद भरत. मावला नाही तो शब्द कापायचा. फुग्याबाहेर पाहायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

बासष्टच्या फेब्रुवारीत भीमाचार्यांचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला. मासिकाचे मालक चंद्रकांत म्हणाले, “चित्रं नाहीत, तर नुसत्या मजकुराचं पुस्तक काढू. दसऱ्यापर्यंत द्या, नाहीतर पुण्याच्या कुणाकडून लिहवून घेतो.”

“परक्या हातात तिला द्यायचं नाही,” भीमाचार्य म्हणाले आणि त्यांनी नरसिंहरावांचे नाव सांगितले.

त्याच कामाची ही चाळीस पाने होती.

“नरसू, तू फुगेच लिहून आणलेस की रे!”

“किल्ल्यावर उजेड नाही वाटतं,” भीमाचार्यांच्या पत्नी सत्यवतीअक्का दारातून म्हणाल्या. “सगळे अंधारात बडबडतायत.”

“चित्र असतंच ना, अक्का, म्हणून...”

“चित्र आता नाही,” भीमाचार्य म्हणाले. “तिच्या कपाळावर काय आहे, सांग.”

“कुंकू?”

“व्रण! डाव्या भुवईवर. चौदा वर्षं काढतोय मी.”

नरसिंहरावांनी जुने अंक घरी नेले. प्रत्येक फुग्यावर कागदाचा तुकडा ठेवून ते चित्रे पाहू लागले. व्रण सापडला. एकच उघडी खिडकी सापडली. आणि मग, चौदाव्या की पंधराव्या अंकाशी, ते थांबले. ‘मी भीत नाही’ असे त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात कितीदा लिहिले होते. शब्द झाकल्यावर दिसत होती ती घाबरलेली मुलगी. प्रत्येक चित्रात तिची पाठ भिंतीला टेकलेली होती.

तीन आठवड्यांनी त्यांनी पहिले प्रकरण वाचून दाखवले.

“‘मी भीत नाही, असे शर्वरी वादळाला म्हणाली. तिचा एक हात मात्र मागे भिंत चाचपत होता. भिंत आहे, एवढे कळल्यावर ती पुढचे वाक्य बोलली.’”

भीमाचार्यांनी डोळे मिटले होते.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच काढलंय, अण्णा. दर वेळी.”

“कुणी विचारलं नाही कधी,” ते म्हणाले. “स्वल्प हळू वाच. पुन्हा.”

नरसिंहरावांनी पुन्हा वाचले.

“सरी, बरोबर. दिसली.” भीमाचार्य म्हणाले, “सत्यवती, खिडकीतली माझी चित्रांची फळी मोकळी कर. नरसूला लिहायला जागा पाहिजे.”

“राहू दे, अण्णा, मी मांडीवर लिहितो.”

“मांडीवर पुस्तक होतं होय? ऊठ, बस तिथं.”

सत्यवतीअक्कांनी फळीवरच्या कागदाच्या पिना काढल्या. एक गंजून बसली होती, ती विळीच्या टोकाने उचकटली. कागदावर कमरेपर्यंतच काढून झालेली शर्वरी होती. अक्कांनी तो गुंडाळला. ती सुरळी हातात घेऊन त्या खोलीच्या मध्यावर उभ्या राहिल्या. कुठे ठेवावी, ते त्यांना सुचेना.