लांडग्यासाठी बांधलेला बोकड

मी एक बोकड बोलतोय. आमच्यात आत्मवृत्त सांगायची रीत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडेपर्यंत आम्हाला सहसा कोणी ठेवत नाही. मी राहिलो. कसा राहिलो तेवढंच सांगायचंय, आणि त्यात माझं स्वतःचं कर्तृत्व काहीही नाही.

माझा जन्म नगरच्या कर्जतकडच्या एका वाडीत, लंकाबाईच्या छपरात झाला. आईला आम्ही दोघं. बहिणीच्या नशिबी दूध आणि माझ्या नशिबी रस्सा, हे आमची नाळ वाळायच्या आत ठरलं. लंकाबाईचा नवरा मच्छिंद्र. त्यानं मला उचललं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "देवीला आखाडात ह्योच." माणसं इतक्या मायेनं हात फिरवतात, की ती आपलं वजन बघताहेत हे कळायलाही वेळ लागतो.

मच्छिंद्रची जमीन माळाला होती. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर कुसळं. पण त्याच्या तोंडात मात्र बारमाही पीक उभं असायचं. त्यातलं सगळ्यात भरघोस पीक म्हणजे लांडग्याची गोष्ट. तरुणपणी त्यानं म्हणे नुसत्या कोयत्यानं लांडगा लोळवला होता. कातडं कुठंय असं कोणी विचारलं, की ते पुण्याच्या एका साहेबानं मागून नेलेलं असायचं. साहेबाचं नाव दर वेळी वेगळं.

मे महिन्यात त्याच्या बहिणीची दोन मुलं नगरहून एसटीनं यायची. मोठी मनकर्णा, दहा वर्षांची. धाकटा राधाकृष्ण, सात वर्षांचा. घरात ती मनी आणि तो राधू. राधूनं माझी दाढी बघून माझं नाव 'सुभेदार' ठेवलं. ज्याला आखाडात कापायचंय त्याला एवढी बढती देऊ नये, असं लंकाबाईचं मत होतं, पण तिचं ऐकतो कोण.

एकाहत्तर सालच्या मे महिन्यात मुलांनी मामाच्या गोष्टी रोज दुपारी ऐकल्या. पहिल्या दिवशी लांडगा कुत्र्याएवढा होता. चार दिवसांत तो गोऱ्ह्याएवढा झाला. इतक्या झपाट्यानं वाढणारं जनावर आमच्या छपरात तरी कधी जन्मलं नाही.

"मामा, परवा तुम्ही म्हणालात एकच लांडगा होता," मनी म्हणाली.

"दुसरा मागं हुता. अंधारात दिसला न्हाई."

"पण तेव्हा दुपार होती ना?"

मामानं पान लावायला घेतलं. अडचणीचा प्रश्न आला, की त्याला पानाची तलफ यायची. मनीच्या प्रश्नांनी त्या महिन्यात त्याचे ओठ कायम लाल राहिले.

शेवटी मुलांनी हट्टच धरला, आम्हाला माळावर न्या, जनावरं दाखवा. मामा निघाला. मला चारायचं निमित्त होतं, म्हणून मीही.

पहिल्या दिवशी काळविटांचा कळप दिसला. पाच-सहा माद्या, आणि मधोमध वळणदार शिंगांचा काळा नर. मुलं श्वास रोखून बघत होती. मामानं खणखणीत आवाजात बजावलं, "आजाबात आवाज करू नगा!" कळप उधळला. पाहता पाहता नुसती धूळ उरली. "पळतात कशी ते दावायचं हुतं," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तरवडाखालून घोरपड निघाली. ती तिच्या वाटेनं गेली आणि मामा त्याच्या वाटेनं. मामाची वाट जरा जास्त लांब होती. मुलं मात्र तिथंच उकिडवी बसून तिची जीभ बघत राहिली.

"हे झालं," मनी म्हणाली. "आता लांडगा."

मामानं बरीच कारणं सांगितली. वारा उलटा आहे, चंद्र बरोबर नाही, लांडग्याचा हंगाम गेला. पण त्याच संध्याकाळी पारावर कोणीतरी हसून म्हणालं, "मच्छिंद्रा, लेकरं मागं लागली म्हनं. दाव की लांडगा!" झालं. पुरुषाला खड्ड्यात ढकलायला दुसरा पुरुष हसला तरी पुरतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मामानं कोयता घेतला आणि मला सोडलं. मला वाटलं चारायला. ओढ्याकाठी, जिथं दरड खचून खबदाड झालंय, तिथं पोहोचल्यावर त्यानं मला एका बोरीच्या बुंध्याला बांधलं.

"मामा, याला का बांधताय?" राधूनं विचारलं.

"लांडगा फुकट येतो व्हय? वासाला काईतरी लागतं."

"आणि सुभेदाराला खाल्लं तर?"

"म्या हाय न्हवं!"

त्या वाक्यानं मला जो घाम फुटला, तो लांडगा बघूनही फुटला नाही. मामा मुलांना घेऊन थोड्या अंतरावरच्या बांधाआड बसला. बांधावर एक कडुलिंब होता. मी दावं ओढून पाहिलं. मच्छिंद्रनं जन्मात एक काम मन लावून केलं असेल, तर ती गाठ. मी ओरडलो. आमिषानं ओरडायचंच असतं, त्यानंच काम होतं, हे मला नंतर उमगलं.

ती आली तेव्हा कसलाही आवाज झाला नाही. दरडीच्या कडेला मातीच्याच रंगाचं काहीतरी हललं, आणि मग ते माझ्याकडे बघायला लागलं. मादी होती. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळलेली, पोटाखाली ओघळलेले सड. ती गुरगुरली नाही, दात दाखवले नाहीत. एकेक पाऊल टाकत, थांबत, वास घेत ती पुढे आली. मी ओरडायचा थांबलो.

एवढ्यात बांधामागे फांद्या मोडल्याचा आवाज आला. मच्छिंद्रमामा लिंबावर चढत होता. या वयात, धोतरात, इतक्या चपळाईनं चढणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. "वर या! पोरांनू, वर या!" तो ओरडत होता. पोरांचे हात पहिल्या फांदीला पोहोचत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. चढताना त्याच्या हातून कोयता खाली पडला. तेवढी मात्र त्यानं मदत केली.

मनीनं कोयता उचलला. ती माझ्याकडे पळाली नाही, चालत आली. लांडगीकडे पाठ न करता, तोंडानं हळूहळू "सुभेदार, सुभेदार" म्हणत. राधू तिच्या झग्याचं टोक धरून मागे. ती माझ्याशेजारी उभी राहिली तेव्हा तिचा पाय माझ्या पोटाला टेकला होता, आणि तो थरथरत होता. माझं पोटही. दोघांनी मिळून ती गोष्ट लपवली.

लांडगी थांबली. दगड मारला तर लागेल एवढ्यावर.

मनीनं न बघता दाव्यावर कोयता ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दावं तुटलं. मी मोकळा झालो. पळालो नाही. शौर्य वगैरे काही नाही, पायच हलेनात.

तेवढ्यात दरडीखालच्या खबदाडातून दोन पिल्लं बाहेर आली. अर्धी वाढलेली, लांब पायांची, मोठ्या कानांची. आईला इतका वेळ का लागतोय ते बघायला आली असावीत. लांडगीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, मग मनीकडे पाहिलं. मग वळली आणि पिल्लांना पुढे घालून ओढ्यानं निघून गेली. घाईघाईनंही नाही.

मग राधू झाडाकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "मामा, लांडगा कुत्र्याएवढाच असतो!"

मामा उतरला. धोतर फाटलेलं, नडग्या सोललेल्या. "वरून नेम चांगला बसतो," तो म्हणाला.

"कशाचा?" राधूनं विचारलं. कोयता त्याच्या बहिणीच्या हातात होता.

घरी पोहोचेपर्यंत मामा गप्प होता, आणि घरी पोहोचल्यावर अजिबात गप्प नव्हता. लांडगा माझ्या नरड्यापर्यंत आला, मामानं झेप घेतली, लांडगा शेपूट घालून पळाला. सगळी आळी ऐकायला जमली. मुलं खाली मान घालून बसली होती. लंकाबाई हळद गरम करत म्हणाली, "आन् नडगीला ह्ये कशानं खरचटलं?"

"लांडग्यानं."

"लांडग्याच्या नखात लिंबाची साल अडकती व्हय?" तिनं हळद जरा जोरातच दाबली.

मुलं नगरला परत निघाली तेव्हा मीही फाट्यापर्यंत गेलो होतो. एसटीची वाट बघताना मनी म्हणाली, "मामा, आखाडात सुभेदाराला कापायचं नाही."

"आगं, देवीचा हाय त्यो. असं कसं?"

"मग पुढच्या वर्षी मी पारावर झाडाची गोष्ट सांगेन."

मामानं पान काढलं. पण चुना लावायचा राहून गेला.

आखाड लागायच्या आधी मच्छिंद्रच्या स्वप्नात देवी आली. लांडग्याच्या तोंडातून वाचलेला जीव माझा आहे, त्याला राखा, असं तिनं स्वच्छ मराठीत सांगितलं. वाडीनं हात जोडले. माझ्या कपाळाला कुंकू लागलं. त्या वर्षी देवीला कोंबडा गेला. त्या कोंबड्याचं आत्मवृत्त कोणी सांगणार नाही.

मग एक गोष्ट घडली, जी मच्छिंद्रनं कोणालाच सांगितली नाही. तो रोज उन्हं कलली, की मला घेऊन ओढ्याकडे जायला लागला. बांधाआड बसायचा. मला बांधायचा नाही. पहिले काही दिवस तो लिंबाला पाठ टेकून, एक हात बुंध्यावर ठेवूनच बसायचा. पुढे पुढे हात सुटला. लांडगी यायची, पिल्लं एकमेकांची शेपटं ओढायची, आणि हा बडबड्या माणूस तोंडातलं पान चघळायचं विसरून बघत राहायचा. ज्या माणसानं न पाहिलेला लांडगा हजार वेळा सांगितला, त्यानं पाहिलेल्या लांडग्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्या साली पाऊस रुसला. काळविटं दुसरीकडे गेली. लांडगीनं गोरक्षनाथ धनगराच्या वाड्यातली कोकरं उचलायला सुरुवात केली. गोरक्षनाथ वाईट माणूस नव्हता. त्याची मेंढरं हेच त्याचं घर होतं.

बहात्तरच्या मे महिन्यात मुलं पुन्हा आली, त्याच आठवड्यात पारावर ठरलं: बीळ शोधायचं, धुरी द्यायची, बाहेर पडेल ते ठेचायचं. आता लांडग्याचं बीळ कोणाला ठाऊक असणार? सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं.

"मच्छिंद्रा, तू गाठलाय त्याला. चल, वाट दाव."

मामा उठला. नाही म्हणायची सोय त्यानं स्वतःच कधीची बंद केली होती. पुढे कोयता घेऊन मामा, मागे काठ्या, कुत्री, गोवऱ्या आणि मिरच्या घेतलेली माणसं, त्यांच्यामागे मनी आणि राधू, शेवटी मी. मनी फक्त मामाच्या पाठीकडे बघत चालली होती. तशा नजरेपेक्षा काठी बरी.

माळावर एका जागी वाट फुटते. डावीकडे ओढा, उजवीकडे जुनी दगडाची खाण. मामा तिथं थांबला. खाली वाकला, धुळीवरून बोट फिरवलं, एक लेंडी उचलून हुंगली. लेंडी माझीच होती, आदल्या दिवशीची.

"ताजी हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "ह्या अंगाला गेलाय." आणि उजवीकडे वळला.

खाणीत एक बीळ होतं. साळिंदराचं, तेही सोडून दिलेलं. माणसांनी त्यात गोवऱ्या पेटवल्या, मिरच्या टाकल्या. वारा फिरला आणि सगळी वाडी खोकू लागली. लांडगा सोडून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हं उतरेपर्यंत वाट पाहिली. बाहेर काही आलं नाही.

गोरक्षनाथानं काठी आपटली. "मच्छ्या, लेका, खरं सांग. तू जन्मात कधी लांडगा बघितलायस का?"

सगळे हसले. मी मच्छिंद्रकडे पाहिलं. कालच संध्याकाळी त्यानं तिला पाहिलं होतं. तिच्या डाव्या कानाला चीर आहे, ती पाणी पिण्याआधी दोनदा मागे बघते, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सांगण्यासारखी खरी गोष्ट होती, आणि ऐकायला सगळी वाडी उभी होती.

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "कवाच न्हाई बघितला."

राधूनं तोंड उघडलं. मनीनं त्याला चिमटा काढला.

हसत, शिव्या देत लोक पांगले. परत येताना मनी पुढे झाली, मामाच्या हातातला कोयता तिनं घेतला आणि स्वतः धरून चालू लागली. मामानं नाक शिंकरलं. मिरचीचा धूर असेल. दुसऱ्या दिवशी तो माझ्या बहिणीचं धडधाकट करडू गोरक्षनाथाच्या वाड्यात सोडून आला. कारण सांगितलं नाही. लंकाबाईनंही विचारलं नाही. तिनं त्या दिवशी त्याला ताटात तूप मात्र वाढलं.

आता त्र्याहत्तर उजाडलंय. गेल्या साली पाऊस आलाच नाही. मच्छिंद्र आणि लंकाबाई दुष्काळी कामावर खडी फोडतात. तिथंही कोणी ना कोणी विचारतंच, "काय शिकारी, लांडगा बघितला का?" तो हसतो आणि घण उचलतो. लांडगी पिल्लं घेऊन कुठंतरी निघून गेली. ओढा कोरडा आहे. मी मात्र देवीचा, त्यामुळे मला विकायची कोणाची छाती होत नाही. खायलाही घालत नाहीत, तो भाग वेगळा. माझ्या बरगड्या वर आल्यात, आणि लिंबाचा पाला किती कडू असतो ते मला आता पाठ झालंय.

तर वाचकहो, निरोप घेतो. जाता जाता एक विनंती. तुमच्याही घरात एखादा थापाड्या मामा असेलच. पोरं मागे लागली आणि तो त्यांना माळावर घेऊन निघाला, तर अडवू नका, जाऊ द्या. पोरांचं भलं होतं. कधी कधी मामाचंही होतं.

बोकड तेवढा घरी ठेवा.