गोरज मुहूर्ताचा गोळा

मी मुळातच तापट. त्यात फुटबॉल संघाचा कॅप्टन झालो, म्हणजे आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. त्यामुळे १९५४ च्या मे महिन्यातली ही गोष्ट सांगताना मी स्वतःला शहाणा म्हणून दाखवणार नाही.

विठ्ठलवाडीला कंदिलांचा कारखाना होता, तिथे मी हजेरी-कारकून होतो. पावसाच्या आधी जो कप खेळला जायचा त्याच्या फायनलला आम्ही पहिल्यांदाच पोचलो होतो. समोर ठाण्याच्या एका गिरणीचा संघ. त्यांचे खेळाडू पगारी. कागदोपत्री जॉबर, म्हणजे खात्यातले मुकादम, प्रत्यक्षात सेंटर फॉरवर्ड. आमच्याकडे असा खेळासाठी घेतलेला एकच माणूस होता, शरफुद्दीन डोलारे. कल्याणच्या जुन्या कोकणी मुसलमान वस्तीतला, बावीस-तेवीस वर्षांचा, लेफ्ट आऊटला खेळणारा. मॅनेजरसाहेबांनी त्याला घेतला फुटबॉलसाठी, आणि उभा केला काचेच्या भट्टीसमोर. तोही तीन-तीन महिन्यांच्या बोलीवर.

फायनलच्या आठवड्यात साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाले, "कप आणा, डोलारेला कायम करतो. नाही आणलात तर एकतीस तारखेला त्याची मुदत संपतेय, मग माझा नाइलाज आहे." शरफूचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि घरात कमावता तो एकटाच. तो फक्त "बरं साहेब" म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला हाताला धरून थांबवलं. रमजान चालू होता. मे महिन्याचं ऊन, पहाटे चारपासून संध्याकाळी सातपर्यंत पाण्याचा थेंब नाही, आणि त्या अंगाने हा गिरणीच्या पगारी बैलांशी धावणार!

"शरफू, रविवारचा रोजा सोडून दे. एका दिवसाने काय होतंय?"

"नाही हरिहरभाऊ. रोजा ठेवीन आणि खेळीनही."

"अरे, देव काय समजून घेणार नाही?"

"देव समजून घेईल हो. मलाच जमणार नाही." मग म्हणाला, "महिनाभर मी रोजा ठेवून भट्टीसमोर आठ तास उभा राहतो. तेव्हा कोणी नाही आलं सांगायला, की शरफू, आज पाणी पी म्हणून."

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसाच. मी म्हटलं, "कर तुला काय करायचं ते. पण पडलास तर मला तोंड दाखवू नकोस."

रविवारी मैदानावर माणसांची ही गर्दी. मैदान कल्याणच्या शिवेवर होतं, एका आगरी गावाला लागून. मैदान राखायला त्याच गावचा काळुराम होता. सामन्याआधी पाण्याचा तांब्या भरता भरता तो मला म्हणाला, "भाऊ, सामना झाला का मना लगेच जावाचा हाय. पुतण्याचा लगीन हाय, गोरज मुहूर्तावर. गोले उरवाचे हान." लग्नात उडवायच्या दारूच्या गोळ्यांचं तो बोलत होता. मी बरं म्हटलं आणि विसरून गेलो. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

रमजानमध्ये कल्याणला सूर्य बुडाला की मशिदीजवळ एक मोठा गोळा उडवायचे. तो आवाज आला की सगळं मुसलमान गाव रोजा सोडायचं. आमच्या मैदानावर तो स्पष्ट ऐकू यायचा. सामना पावणेसहाला सुरू झाला, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन हाफ, म्हणजे तो संपल्यावरच गोळा होणार हे उघड होतं.

पहिल्या हाफमध्ये शरफूने मला खोटं पाडलं. डाव्या बाजूने त्याने गिरणीच्या बॅकला असा काही पळवला, की तो बिचारा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आमचा गोल त्याच्याच पासवर झाला. पण मध्यंतराला तो गवतावर आडवा झाला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. आमचा सेंटर फॉरवर्ड आनंदा याने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. शरफूने ओठ घट्ट मिटून घेतले आणि चेहऱ्यावरून ओघळणारं पाणी बाहीने पुसून टाकलं.

दुसऱ्या हाफला गिरणीने बरोबरी केली. एक-एक. शरफू आता चेंडू आला तर धावायचा, नाही तर उभाच. दोनदा तो अडखळला. त्याच्या नोकरीची काळजी होती असं मी स्वतःला सांगत होतो, पण खरं सांगायचं तर मला कप हवा होता.

तेवढ्यात चेंडू बाहेर बाभळीत जाऊन अडकला आणि खेळ थांबला. पश्चिमेला ढग भरले होते, सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. आणि धडाम करून गोळ्याचा आवाज झाला.

आवाज काळुरामच्या गावातून आला होता. मला त्याच क्षणी कळलं. सातला अजून वीस मिनिटं होती, हेही मला ठाऊक होतं. तरी मी रेघेपाशी धावलो, काळुराम काही बोलायच्या आत त्याच्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि शरफूकडे गेलो.

"शरफू, झाला गोळा! पी!"

त्याने मान वळवून आवाजाच्या दिशेने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुटपुटत काहीतरी म्हटलं आणि तांब्या तोंडाला लावला. दोन घोट त्याच्या गळ्याखाली उतरताना मी पाहिले.

तिसरा घोट तोंडात होता आणि ढगाखालून सूर्य बाहेर आला. चांगला हातभर वर. अख्खं मैदान पिवळं झालं. शरफूने तोंडातलं पाणी थुंकून टाकलं आणि तांब्या माझ्या हातात परत दिला.

"अरे, आता तुटलाच ना रोजा?" मी म्हटलं. "मग पी की पोटभर! आता काय राहिलंय?"

"सूर्य राहिलाय," तो म्हणाला. "हा रोजा गेला. ईदनंतर भरून देईन. पण सूर्य आहे तोवर तोंडात काही घालता येत नाही."

"म्हणजे रोजा पण नाही आणि पाणी पण नाही? हा कुठला न्याय?"

"चेंडू आला, हरिहरभाऊ."

त्या वीस मिनिटांत मी शरफूला पाहिलं. ज्या उपासाचं पुण्य मिळणार नव्हतं, तो उपास तो ओढत होता. रागाने म्हणा, जिद्दीने म्हणा, त्याचे पाय परत चालू लागले. एकदा आमच्याच गोलपर्यंत मागे येऊन त्याने चेंडू काढला. शेवटच्या मिनिटाला त्याने डावीकडून धाव घेतली, बॅकच्या बाजूने निसटला आणि चेंडू मध्ये टाकला. आमच्या सेंटर फॉरवर्डने तो गुडघ्यानेच आत ढकलला. शिट्टी झाली तेव्हा शरफू रेघेवर बसलेला होता. लोक त्याला उचलायला धावले, त्याने हात हलवून नको म्हटलं.

साहेब स्वतः आत आले. "डोलारे, उद्या ऑफिसात ये. कायमचा कागद तयार ठेवतो." शरफू कसाबसा उभा राहिला, "मेहेरबानी साहेब" म्हणाला आणि परत खाली बसला. मला रडू आलं. आनंदाचं म्हणून ते खपून गेलं.

सूर्य बुडाला आणि थोड्या वेळाने मशिदीकडून गोळा झाला. मी तांब्या घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. "शरफू, झाला."

त्याने तांब्याला हात लावला नाही. माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. लग्नाला जायचा काळुराम अजून तिथेच थांबला होता. त्याला विचारलं, "काळुरामदादा, झाला का गोळा?"

"हां र बाला. ह्यो मशिदीचाच. पी."

मग त्याने तांब्या घेतला आणि सगळा रिकामा केला. मी तिथेच खाली बसलो. गप्प राहिलो असतो तर निभावून गेलं असतं, पण राहवलं नाही.

"शरफू, तो पहिला गोळा लग्नाचा होता. मला माहीत होतं."

"मलाही वाटलं होतं," तो शांतपणे म्हणाला. "मशीद या बाजूला, आवाज त्या बाजूने. कान सांगत होते, पिऊ नको."

"मग प्यायलास कशाला?"

"तुम्ही सांगितलंत ना, म्हणून."