जुळ्यांचा धर्म

योगिनीचं डोकं सकाळपासून सणकलं होतं. मिशनच्या शाळेतले पहिलीचे प्रवेश आज दुपारी बंद होणार, आणि सासरे, वाल्मीकआप्पा, सोफ्यावर मांडी ठोकून तेच दळण दळत होते: रुद्रला मिशनची शाळा, निकिताला घरामागची. पोरं जुळी, डबे सारखे, दप्तरं सारखी, शाळा मात्र वेगळ्या!

"त्या पाद्र्यांचा इंग्रजांच्या काळापासून धंदाच हाय," आप्पा म्हणाले. "शिकवायच्या नावाखाली धर्म बुडवायचा. पोरीची जात, उद्या टिकली पुसून आली म्हंजे?"

"आणि रुद्र?"

"त्याला इंग्रजी लागंल ना पुढं!"

आपलं कपाळ बडवून घ्यावं की यांचं, एवढंच योगिनीला ठरवायचं होतं. नवरा अमोल मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेला. वडिलांसमोर त्याची वाचा कायमचीच बसलेली.

खिडकीशी आप्पांची आई, कुसाबाई, लसूण सोलत होती. नव्वदीला टेकली होती, पण कान तिखट.

"वाल्मीक, मी जायचे की मिशनच्या शाळंत. येवल्याला."

आप्पा चमकले. "कधी सांगितलं नाय?"

"सांगायचं काय? दुसरीतच सुटली. मडम अक्षरं लय मायेनं शिकवायची. मंग म्हणायची, तुमचा देव दगड. मी अक्षरं घ्यायचे, बाकीचं तिथंच ठेवून घरी यायचे."

"बघ! मी काय म्हणत होतो?" आप्पांना चेव आला. "म्हणूनच आज्यानं काढलं तुला."

"हां. धर्म बुडंल म्हणून काढलं." कुसाबाईनं पाकळी ताटलीत टाकली. "आन् तुझा वाळूमामा? त्याच शाळंत, त्याच मडमच्या हाताखाली सातवीची फायनल पास झाला, मास्तर झाला. त्याचा नाय बुडला. जल्मभर पारायणं केली त्यानं. माझ्या हातात मातर खुरपं आलं. मला अजून राग हाय, वाल्मीक. मडमचा थोडा. बापाचा लय."

तिनं लसणाची ताटली बाजूला सारली.

"योगिनी, दोघांचंबी नाव घाल तिथं," कुसाबाई म्हणाली. "बुडायचा तर संगंच बुडू दे."

अमोलनं मोबाइल खाली ठेवला. आप्पा घसा खाकरायला लागले. त्यांना नवं कारण सुचायच्या आत योगिनी दोन्ही पोरांचे जन्मदाखले घेऊन जिना उतरली होती.