हिरवं पाणी

डोंगर कापून हमरस्ता काढण्याचं काम चाललं होतं ते साल एकोणीसशे त्र्याऐंशी. आता त्या रस्त्यावरून गाड्या अशा सुसाट जातात की तिथे कधी डोंगर आडवा आला होता हे सांगूनही पटत नाही.

कामावर एक प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची खोली, वजनकाटा, माती-खडीच्या चाळण्या आणि खिडकीत ओळीने मांडलेल्या बाटल्या. आसपासच्या ओढ्या-विहिरींचं पाणी भरून आणून तपासणाऱ्या बाईंना सगळे बाटलीबाई म्हणत. नव्या माणसाला वाटे, बाई घेते की काय. आधी तिला राग यायचा, पुढे तीच फोनवर “बाटलीबाई बोलतेय” म्हणू लागली.

डोंगराच्या पायथ्याशी एक वस्ती होती. वस्तीला पाण्याचा झरा एकच, आणि त्या झऱ्यापासून दहा पावलांवर बाटलीबाईच्या आत्याचं घर. आई गेल्यावर आत्यानेच तिला लहानाचं मोठं केलं होतं.

वर जिथे डोंगर कापणं चाललं होतं तिथे डिझेलच्या टाक्या होत्या, यंत्रं धुण्याची जागा होती, आणि त्या आवाराच्या कडेला चुनखडीच्या खडकात हातभर रुंद भोक पडलं होतं. सर आली की आवारातलं काळं, तेलकट पाणी त्या भोकात गडप व्हायचं. आयती मोरी मिळाली म्हणून सगळे खूश. बाटलीबाई मात्र प्रत्येक सरीला त्या भोकाशी जाऊन बघत उभी राहायची. गडप झालेलं पाणी कुठेतरी निघणारच. तिने झऱ्याचं पाणी सहा वेळा तपासलं होतं, सहाही वेळा स्वच्छ निघालं होतं. पण एक बाटली म्हणजे एका क्षणाचं पाणी, बाकी दिवसभराचं कोणी पाहिलंय?

ती मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता, पण आवार हलवायचं म्हणजे आठ दिवस यंत्रं उभी, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

“बाई, तुमची आत्या खाली राहते म्हणून अख्खा डोंगर तिच्याच घरात गळतो का?” ते म्हणाले, आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले.

तिला ते लागलं, कारण थोडं खरं होतं. पण ती हलली नाही. शेवटी ठरलं ते असं: भोकात रंग सोडायचा, पिणाऱ्याला अपाय न करणारा, हिरवागार. झऱ्याला हिरवं पाणी आलं तर साहेब आवार हलवणार. नाही आलं तर बाईंनी त्या भोकाचं पुन्हा नाव काढायचं नाही.

तिने वस्तीत घरोघरी जाऊन सांगितलं, पाणी भरून ठेवा. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि आलं हिरवं, तर?”

“तर दुसरं पाणी शोधू.”

“साठ वर्षं मी हेच पितेय गं. या वयात दुसऱ्या पाण्याशी ओळख करून घेऊ?”

सोमवारी सकाळी रंग ओतला, वरून टँकरभर पाणी सोडलं. झऱ्याच्या तोंडाशी तिने कोळशाच्या पुरचुंड्या बांधल्या. डोळ्यांना न दिसणारा रंगही कोळसा धरून ठेवतो. मग पांढरं वाडगं घेऊन ती काठावर बसली. अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी घ्यायचं, उजेडात धरायचं, ओतून द्यायचं. येणारा-जाणारा बाळंतिणीच्या दाराशी चौकशी करावी तसं हळूच विचारायचा, काही कळलं का? रंग दिसावा असंही तिला वाटे, नाहीतर तोंड कायमचं बंद. आणि दिसू नये म्हणून तर ती वाडगं उचलताना डोळे मिटायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामावरची माणसं राहत त्या कॅम्पचा आचारी डोंगर उतरून धापा टाकत आला, हातात डाव तसाच.

“बाई, वर चला. साहेब हिरवे झालेत.”

साहेब दाढी करत होते. तोंडावर फेस, नळ सोडला, ओंजळ तोंडावर मारली आणि आरशात पाहिलं. त्या नळाला पाणी यायचं कॅम्पच्या बोअरचं, आणि ती बोअर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होती. तिचा विचार बाटलीबाईसकट कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. दुनियेचं पाणी तपासलं, आणि घरचा नळ राहिला.

ती पोचली तोवर पुढे धावलेल्या आचाऱ्याने साहेबांना गाठलंच होतं. महिनाभर चहाला रॉकेलचा वास येतो म्हणून त्याने सगळ्यांची बोलणी खाल्ली होती, साहेबांनी घरी पाठवायची धमकीही दिली होती.

“साहेब, वास कशाचा होता?”

“माझ्या डिझेलचा,” साहेब पुन्हा लावलेल्या साबणाच्या फेसाआडून म्हणाले. “आता टॉवेल दे.”

बाटलीबाई पायरीवर बसली आणि हसता हसता रडली.

वस्तीसाठी अशक्य असलेलं काम स्वतःच्या चहासाठी दुपारच्या आत सुरू झालं. नव्या जागी टाक्यांखाली सिमेंटचा हौद बांधला, भोक बुजवलं, कॅम्पला टँकर लागला. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं, कोणाला काही झालं नव्हतं. बाटलीबाई झऱ्यावर आणखी दहा दिवस बसली. मग शहरातून कोळशाचा निकाल आला: रंगाचा लवलेश नाही. तिने तो कागद आत्याला वाचून दाखवला. आत्या म्हणाली, “मी कुठे थांबले होते?” आणि पेला भरून तिच्या हातात दिला. चोरून पीतच होती की म्हातारी.

साहेब पुढे जिथे जिथे रस्ते बांधायला गेले तिथे आधी विचारायचे, आपण पितो ते पाणी कुठून येतं? निवृत्तीनंतर ते गुलाब लावत राहिले आणि ऐंशीच्या घरात शांतपणे गेले. आत्या एक्क्याण्णव वर्षं जगली. तिचं घर बाटलीबाईकडे आलं. नोकरी संपल्यापासून ती तिथेच राहते. आचाऱ्याने रस्ता सुरू झाल्यावर कडेला चहाचं दुकान टाकलं. आता सून चालवते, तो नुसता गल्ल्यावर बसतो आणि ट्रकवाल्यांना साहेबांची गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी त्याच्या गोष्टीतले साहेब हनुवटीपर्यंत हिरवे झाले होते. परवा ऐकलं तर हिरवा रंग घोट्यापर्यंत पोचला होता.