यादीत नसलेलं गाव

कुटुंब न्यायालयाची नोटीस चष्मेवालीने दुकानात उभ्याउभ्याच वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई लागोपाठ दोन रविवार भेटीला गैरहजर राहिली आहे, असं त्यात लिहिलं होतं. तिसऱ्यांदा गैरहजर राहिल्यास पुढच्या सुनावणीपर्यंत भेटी बंद.

गैरहजर! दोन्ही रविवारी ती दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या मशीनवर कापड टाकून, केस नीट विंचरून लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर 'भेटीची खोली अजून उघडलेली नाही' एवढंच येत होतं. भेट मुळात अर्ध्या तासाची. तेवढा वेळ त्या पाटीकडे बघून ती उठली होती आणि घरी जाताना सबंध रस्ताभर भिंगरीच्या बापाच्या नावाने बोटं मोडली होती.

भिंगरी म्हणजे तिची लेक, दहा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव पडलेलं. नवरा-बायकोचं फाटलं, त्याला परदेशात नोकरी लागली, शाळा तिकडची चांगली म्हणून मुलगी त्याच्याकडे राहिली. हिने मान्य केलं, पण एका अटीवर. दर रविवारी अर्धा तास लेक समोर दिसली पाहिजे. न्यायालयाने त्यासाठी कॉम्प्युटरवरचा आपला एक कार्यक्रम दिला होता. त्यात दोघांनी आपापल्या गावाहून हजर व्हायचं, आणि हजेरी कॉम्प्युटर मांडणार. वेळ ठरली होती मुलीच्या घड्याळाने पाच. आईच्या घड्याळाने ती किती होते, हेही तोच दाखवायचा. कोपऱ्यात लिहिलेलं असायचं, 'तुमची वेळ : सात'.

त्या रात्री तिने दुकानातच थांबून सहा महिन्यांत पहिल्यांदा भिंगरीच्या बाबाला फोन लावला.

"तू मुद्दाम करतोयस," तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "पोरीला समोर बसवत नाहीस आणि वर माझ्यावर नोटिसा!"

"मी बसवत नाही?" तोही तापला. "अगं, पाचच्या आधीपासून ती खुर्ची धरून बसते. परवा उठली ती जेवलीसुद्धा नाही. यायचं नसेल तर निदान कळवत जा."

"मी सातला बसले होते!"

"सात म्हणजे आमचे पाच. मग दिसली का नाहीस?"

असं बराच वेळ चाललं. जुनी उणीदुणीही निघाली, ती निघायचीच. शेवटी तो म्हणाला, "हे बघ, इथे सहा वाजलेत, मला पोरीचं जेवण बघायचंय. ठेवतो."

"किती वाजलेत?"

"सहा. का?"

तिने वर बघितलं. दुकानातल्या घड्याळात नऊ वाजले होते. पंधरा दिवसांपूर्वी, दर वर्षीप्रमाणे उन्हाळ्यासाठी देशभर घड्याळं तासभर पुढे झाली तेव्हा, तिनेच स्टुलावर चढून काटा सरकवला होता.

"आपल्यात दोन तासांचा फरक होता ना रे?" ती म्हणाली.

"आमच्याकडे घड्याळं हलवत नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला. तिने बोटांवर तास मोजले. भिंगरी पाचला समोर येत होती तेव्हा इथे आठ वाजत होते. आठला आईने शटर ओढून घर गाठलेलं असायचं.

शुक्रवारी दुकान बंद ठेवून ती न्यायालयाच्या भेट कक्षात गेली. हिवाळ्यात तिचा अर्ज भरून घेणारा कारकून तोच होता, टेबलही तेच. फक्त टेबलावरच्या फायली वाढल्या होत्या.

"मॅडम, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?" तो पडदा तिच्याकडे वळवत म्हणाला. "खोली आठला उघडली, साडेआठला बंद झाली. तुम्ही नव्हतात."

"आणि मला सात वाजता या म्हणून कोणी सांगितलं? ह्याच कॉम्प्युटरने ना?"

कारकुनाने तिचं खातं उघडलं. टाइम झोनच्या रकान्यात नुसता एक आकडा होता. तो बघताच तिला हिवाळ्यातला तो दिवस लख्ख आठवला.

त्या दिवशी ह्याच टेबलाशी जगभरच्या शहरांची यादी उघडली होती. त्यातून आपलं निवडायचं. तिचं गाव त्यात नव्हतं. शेजारचंही नव्हतं. अख्ख्या मुलखाला मिळून एकच नाव, पार समुद्राकाठच्या राजधानीचं. "तुमचं घड्याळ ह्या शहराच्या नावाने चालतं," कारकून म्हणाला होता. चष्मेवालीने त्या शहरात आयुष्यात पाय ठेवला नव्हता. आणि अर्जाच्या माथ्यावर लाल अक्षरांत छापलेलं होतं की, खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. समोरच्या बाजूचा वकील तेव्हा तिच्या एकेका शब्दात खोट काढायला टपलेला. "मी तिथे राहत नाही," ती म्हणाली होती, "मग मी तसं कसं लिहू?" त्यावर कारकुनाने यादी तळापर्यंत सरकवली. तिथे शहरं नव्हती, नुसते पुढच्या-मागच्या तासांचे आकडे होते. "मग हा घ्या. तोच आहे, काही फरक पडत नाही," असं तोच म्हणाला होता. तिने सही केली होती.

आता कारकुनाने इंजिनिअरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"शहराचं नाव घेतलं की त्या शहराचे नियमही सोबत येतात," पलीकडून आवाज आला. "तिथे घड्याळ पुढे गेलं की इथे आपोआप जातं. आकडा घेतला तर तो जन्मभर तिथेच उभा. निवड चुकलीय. यूजरची चूक."

"यूजर इथेच बसलीय!" चष्मेवाली फोनवर वाकून ओरडली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "म्हणजे मी खरं लिहिलं म्हणून गैरहजर? आणि बघितलंसुद्धा नाही अशा शहराचं नाव ठोकून दिलं असतं, तर चांगली आई ठरले असते? आमचं गाव यादीत घालायला जागा नाही तुमच्याकडे, पण मला गैरहजर लिहायला आहे?"

फोन कट झाला. कारकुनाने घसा खाकरला.

"बदलून द्या मग आत्ता," ती म्हणाली.

"असं होत नाही मॅडम. अर्ज करावा लागेल. त्यावर न्यायाधीशांची सही, मग बदल. तीन आठवडे धरा."

"आणि माझी नोटीस? तिच्यावर कोणाची सही होती?"

"ती आपोआप निघते," कारकून म्हणाला, आणि हे बोलताना त्याने मान खाली घातली.

एवढ्यावरच तिने ओळखलं की ह्या माणसाला कितीही झापलं तरी पदरात काही पडायचं नाही. शिक्षा द्यायला माणूस लागत नव्हता, ती मागे घ्यायला मात्र तीन टेबलं लागत होती. तिने अर्ज लिहिला. गावाच्या जागी त्या न पाहिलेल्या राजधानीचं नाव घातलं आणि पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा राहिला.

"रविवारी आठलाच बसा," कारकून पुटपुटला. "तो सात म्हणेल. लक्ष देऊ नका."

रविवारी ती सातलाच बसली. कोणावर विश्वास ठेवायचा? साडेसातला पडद्यावर 'आपली भेटीची वेळ संपली आहे' असं आलं. "तुझ्या बापाची संपली," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

आठला खोली उघडली. तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. हजर. कॉम्प्युटरचं समाधान झालं. पण समोर नुसती रिकामी खुर्ची होती.

मग भिंगरीचा बाबा वाकून पडद्यात आला. "ती येत नाही म्हणते. आत बसलीय. मी तिला घड्याळाचं सगळं समजावलं, पण तिला वाटतंय, मी तुझी बाजू सावरून घेतोय."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने बाजू घेतली, तीही कोणी खरी मानेना. "तिला ऐकू जातंय का माझं?" चष्मेवालीने विचारलं.

"दार उघडंच आहे."

"भिंगरी!" तिने आवाज चढवला. "मी बसले होते गं. दोन्ही रविवारी. तुझ्या आधी तासभर येऊन बसले होते."

मग आतून बारीक आवाज आला, "मग थांबायचं ना."

कारकुनासाठी, इंजिनिअरसाठी, न्यायाधीशांसाठी, ती यादी करणाऱ्यासाठीसुद्धा चष्मेवालीकडे आठवडाभर घोटलेली उत्तरं तयार होती. त्यातलं एकही तिने काढलं नाही. तिचे डोळे भरून आले.

"हो," ती म्हणाली. "थांबायला हवं होतं मी. चुकलंच माझं."

खुर्ची सरकली. भिंगरी आली आणि अर्धवट पाठ करून बसली. चष्मा नाकावर तिरका, एका दांडीला चिकटपट्टी गुंडाळलेली.

"चष्म्याला काय झालं?"

"पडला."

"कधी?"

"मागच्या रविवारी."

पडला की फेकला, हे आईने विचारलं नाही. तिने हाताशी पडलेली एक रिकामी फ्रेम उचलली, कॅमेऱ्यासमोर धरली आणि दांडी कुठे, किती वाकवायची ते सावकाश दाखवायला लागली. भिंगरीने चष्मा काढला, पण त्यावाचून नीट दिसेना म्हणून नाक पडद्याला चिकटेपर्यंत जवळ आली. दांडी बसेपर्यंत अर्धा तास संपतही आला.

"पुढच्या रविवारी किती वाजता?" भिंगरीने चष्मा डोळ्यांवर चढवत विचारलं. अजून तिला खात्री नव्हती.

कोपऱ्यात अजूनही सातच लिहिलेले होते. आईने तिकडे बघितलंही नाही.

"तुझे पाच वाजले, की मी समोर," ती म्हणाली. "आणि नाही दिसले, तर उठू नकोस. मीही उठणार नाही."