दोन वितींवर

...भोकाच्या पैशाच्या भोकातून गवताचं एक पातं वर आलं होतं. सावळीराम वाकून तेच पाहत राहिला. आपला चेंडू उचलला की त्याच्या जागी खूण ठेवायची असते. गोल्फचे बाकीचे प्रो, म्हणजे क्लबांचे पगारी खेळाडू, हल्ली रंगीत प्लास्टिकची बटणं ठेवतात, सावळीराम मात्र इंग्रजांच्या वेळचा हा तांब्याचा पैसा ठेवतो – झिजून झिजून गुळगुळीत झालेला, हरवलेला बॉल झुडपातून काढून दिला म्हणून कुणा गोऱ्याने बक्षीस दिलेला... दिलेला कसला, फेकलेला. तेव्हा सावळीराम कॅडी होता, साहेबांच्या पिशव्या वाहत होता. आज त्या पैशापासून होल दोन वितींवर होता. फार तर बोटभर जास्त. शेंबड्या पोराच्या हाती पटर, म्हणजे हलक्या टोल्याची काठी, दिला तरी तो बॉल आत घालील, इतकं जवळ.

पण थांबायचं होतं. आधी देवस्थळी साहेबांची पाळी होती. सातपूरचे कारखानदार, यंदापासून क्लबचे अध्यक्ष. त्यांचा चेंडू पलीकडे लांब पडला होता आणि ते घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकासारखे त्याच्याभोवती फिरत होते. एकदा या बाजूने, एकदा त्या. बाहुल्याच्या डोंगराकडे लष्कराच्या तोफांचा सराव चालू होता. तोफ वाजली की साहेब थबकायचे, मान हलवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

शेवटचा होल. साहेबांना मिळणाऱ्या सवलतीचे टोले धरून दोघे बरोबरीत. अर्थात बरोबरीतच, शेवटच्या होलपर्यंत बरोबरीत आणून ठेवायचं काम गेली पंचवीस वर्षं सावळीरामच करत आला होता, कधी या साहेबांसाठी, कधी त्या. सकाळपासून साहेबांनी जवळचे सगळे पट, म्हणजे बॉल होलमध्ये घालायचे शेवटचे टोले, त्याला माफ केले होते. चेंडू होलपाशी गेला की दुरूनच म्हणायचे, "उचल, सावळीराम." म्हणजे मारायचीही गरज नाही, गेला असं धरलं. दोस्तीखात्यात तशी पद्धतच असते. पण शेवटच्या होलवर साहेब 'उचल' म्हणत नाहीत. कुठलेच साहेब म्हणत नाहीत. गप्प राहतात. ते गप्प राहणं म्हणजे हुकूम – तो पट सावळीरामने मारायचा आणि चुकवायचा. मग सामना बरोबरीत सुटतो, साहेब बारमध्ये जाऊन सांगतात की चँपियनशी बरोबरी केली, आणि चँपियन मागच्या दाराने पँट्रीत जाऊन चहा पितो.

हरायचं नाही, हे पक्कं. नवीन नवीन असताना तो एकदा हरला होता, चांगला दोन होलने, तर तेव्हाच्या लष्करी कॅप्टनने बाजूला घेऊन झापलं होतं. प्रो हरला तर साहेबाला शंका येते, जिंकला तर राग येतो. बरोबरी कर. आणि बरोबरी अशी कर की बॉलचीच चूक वाटली पाहिजे.

तेव्हा इथे होलभोवती गवताची ग्रीन नव्हतीच. जळकं ऑइल घालून दाबलेली वाळू असायची, काळपट, तिच्यावर गोणपाट ओढून ओढून ती सारखी करायची. त्या वाळूवर सावळीराम चुकवायला शिकला. रोज संध्याकाळी सगळे गेले की बसायचा शिकत. बॉल आत घालायला तो आपोआप शिकला, त्याची कुणी शिकवणी लावली नाही. पण चुकवण्यासाठी मात्र त्याने घाम गाळला. डावं मनगट केसभर मिटायचं, अगदी टोला बसता बसता. आधी मिटलं तर दिसतं, नंतर मिटलं तर बॉल आत जातो. बॉल होलच्या काठाला लागून, आत डोकावून, बाहेर येऊन थांबला पाहिजे. अरेरे म्हणायला साहेबाला जागा राहिली पाहिजे. मला ते इतकं साधलं की कॅडी लोक पैज लावायचे – उजव्या काठाने का डाव्या?

साहेब आता गुडघ्यावर बसले होते. बसा.

पन्नाशी उलटेपर्यंत सावळीरामला या क्लबाबाहेर कोण ओळखत होतं? मग पन्नाशीपुढच्या प्रो लोकांच्या स्पर्धा सुरू झाल्या, सीनियर म्हणतात त्या, आणि कुणीतरी सहज म्हणून त्याचं नाव पाठवलं. ज्या वयात माणसं पेन्शनीचे कागद रंगवतात त्या वयात तो जिंकायला लागला. दिल्ली जिंकला, कलकत्ता दोनदा, एकदा विमानाने कोलंबोला जाऊन आला. पेपरात फोटो आला, त्यात टोपी नीट आली आणि चेहरा काळा. कॉलनीत मिरवणूक निघाली. बायकोने, विमलाबाईने, कप जाळीच्या कपाटावर मांडले. दिल्लीच्या कपात ती सुईदोरा ठेवते, कोलंबोच्या कपात लसणाच्या कुड्या. तो काही बोलत नाही. चांदीचा नाहीच तो, नुसता मुलामा आहे.

आणि मग गेल्या महिन्यात कलकत्ता. तिसऱ्यांदा. शेवटचा होल, लोक गोल उभे, पट दोन वितींचा – असाच, होय, असाच – समोर कुणी साहेब नाही, कुणाचं काही राखायचं नाही, घातला की कप त्याचा. त्याने पटर मागे घेतला, पुढे आणला, आणि टोला बसता बसता डावं मनगट केसभर मिटलं.

त्याने मिटलं नव्हतं. ते मिटलं.

बॉल काठाला लागला, आत डोकावला, बाहेर येऊन थांबला. लोक अरेरे म्हणाले. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं दडपण आलं. खोलीवर आल्यावर सावळीराम कितीतरी वेळ ते मनगट उजव्या हातात धरून बसला होता, चावलेल्या कुत्र्याला धरावं तसं, की हे आपलंच का? पंचवीस वर्षं याला एकच शिकवलं, आणि आता ते शिकलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण ही माझी खोड नव्हती हो. ही माझी नोकरी होती...

डॉक्टरला दाखवलं नाही. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? पुढच्या महिन्यात बंगलोर आहे. तिथे जायचं तर हा हात आपला आहे की त्यांचा, ते आधी कळायला हवं. ते दुसरीकडे कुठे कळणार नव्हतं. सराव करताना बॉल जातो, सरळ जातो, डोळे मिटून जातो. कळायचं तर इथेच, शेवटच्या होलवर, साहेब गप्प उभे असताना, याच दोन वितींत.

म्हणून आज घालायचा. सकाळी दाढी करता करताच त्याने ठरवलं होतं.

विमलाबाई कोटाला इस्त्री करत होती. आज संध्याकाळी क्लबाच्या कमिटीची बैठक होती आणि तिच्यात सावळीरामला सन्मान्य सभासद करून घ्यायचं की नाही ते ठरणार होतं. सभासद झाला म्हणजे पुढच्या दाराने आत जायचं, हॉलमध्ये बसायचं. इतकी वर्षं नियम होता की प्रो लोकांनी मागूनच यायचं. बाप इथेच गवत कापणारा घासकाढ्या होता तेव्हा त्याला व्हरांड्याच्या पायरीलाही हात लावायला मनाई होती, त्याचं कारण वेगळं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, ते कारण आम्ही टाकून दिलं. मग क्लबाने हे दुसरं काढलं – तसं काही नाही हं सावळीराम, तू प्रोफेशनल ना, म्हणून. जात गेली, धंदा आला. दार तेच राहिलं. आणि आता ते उघडायचं की नाही हे अध्यक्षांच्या एका मतावर अडलं होतं. बैठकीच्या दिवशीच सकाळी साहेबांनी खेळायला बोलावलं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे कुणी बोलून दाखवावं लागत नाही.

"आज काई उलटंसुलटं करू नका," विमलाबाई इस्त्रीवरची नजर न काढता म्हणाली. तिला कसं कळतं कोण जाणे. "पंचईस वर्सं चुकवलं, आनखी एक डाव चुकवा. मग बसा खुर्चीवर."

"आणि घातला तर?"

"तर घरी या. घर हायेच." मग कोट त्याच्या अंगावर चढवून, खांदे झटकून म्हणाली, "पर तुमचं तोंड कलकत्त्यापासून लय उतरलंय. मला ते बघवत नाय."

ती दोन्ही बाजूंनी बोलली, आणि दोन्ही बाजूंनी खरं बोलली. बायको अशी असली की माणसाला भांडताही येत नाही.

साहेबांनी मारला एकदाचा. बॉल गवतावरून गडगडत आला, होलपासून वीतभर अलीकडे थांबला, आणि सावळीराम सवयीने म्हणाला, "उचला, साहेब." साहेबांनी उचलला. रुमालाने पुसला. मग बाजूला झाले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

गप्प.

सावळीरामने पैशाच्या जागी चेंडू ठेवला, पैसा खिशात टाकला. इनायत झेंडा धरून उभा होता – मालेगावच्या हातमागवाल्यांचा मुलगा, भावांशी भांडून कँपात आलेला. दोघांनी एकाच वर्षी पिशव्या उचलायला सुरुवात केली, आता तो फक्त सावळीरामची उचलतो. बंगलोरलाही तोच येणार होता. त्याने एकदा सावळीरामकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्याच्या हिशेबी सगळं ठरलेलंच होतं.

घालायचा. साधा आहे, सरळ आहे, उतार नाही. हा माझा हात. याने दिल्ली जिंकली, याने बापाची तिरडी बांधली, याने... मनगटाचा विचार करू नकोस. मनगटाचा विचार करू नकोस असा विचारही करू नकोस. साहेबांचे बूट दिसतायत, पांढरे-तपकिरी, त्यांच्याकडे बघू नकोस. दार बंद झालं तर झालं. मला ते दार नको, मला हा पट हवा, कधी नव्हे तो एक पट, माझा, साहेब उभा असताना, माझा –

तोफ वाजली नाही. वाजली असती तर बरं झालं असतं.

बॉल काठाला लागला, आत डोकावला आणि बाहेर येऊन थांबला.

"अरेरे!" देवस्थळी साहेब म्हणाले. आणि लगेच हसले, मोकळं, मनापासून, आणि पुढे येऊन त्यांनी सावळीरामच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी आजवर कधी ठेवला नव्हता. हळूच म्हणाले, "खरं सांगू? आज तू घालशील असं वाटलं होतं मला. चेहऱ्यावर दिसत होतं तुझ्या. पण नाही. जुना माणूस तो जुना माणूस."

"साहेब, मी मुद्दाम सोडला नाही," सावळीराम म्हणाला. "घालायचाच होता मला. चुकला."

"हेच तर म्हणतो मी!" साहेबांना आणखी हसू आलं. "कबूलसुद्धा करत नाहीस. जेंटलमन आहेस तू सावळीराम, आमच्या कमिटीतल्या निम्म्या लोकांना हे जमत नाही. बैठक नावापुरती आहे, समजलास ना? चल, ये. पुढूनच ये."

ते पायऱ्यांकडे चालू लागले. मी ओरडून सांगावं का? कुणाला सांगावं? आयुष्यभर खोटं चुकवलं ते सगळ्यांना खरं वाटलं, आणि आज खरं चुकलं तर... या माणसाला मी तोंडावर सांगितलं की मला तुला हरवायचं होतं, आणि त्याने त्याबद्दल मला खुर्ची दिली.

इनायतने झेंडा होलमध्ये परत रोवला. जवळ आला. "बहोत अच्छा केलंस सावळ्या," तो म्हणाला. "मला भ्या वाटलं होतं, आज तू काहीतरी करतोस म्हणून. असा सोडलास, एकदम पहिल्यासारखा. काय हात आहे यार तुझा!"

सावळीरामने त्याच्याकडे पाहिलं. इनायत थट्टा करत नव्हता. खरोखर खूश होता.

"सोडला," सावळीराम म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि त्याला एकदम हलकं वाटलं. दाढ काढल्यावर वाटतं तसं. कलकत्त्यापासून छातीवर बसलेलं काहीतरी उठलं, बाजूला झालं. सोडला. मुद्दाम सोडला. कसं सोपं आहे! हात ठीक आहे, हाताने सांगितलेलं काम केलं. त्याने मनगट फिरवून पाहिलं. कुठे काही दुखत नव्हतं.

"थांब, एकदा टाकून बघतोस?" इनायत बॉल पुढे करत म्हणाला. "तिथूनच. आता कोण नाही. घालून टाक, मनाची शांती."

जागा अजून दिसत होती, पैशाखाली दबलेलं गवत अजून उठलं नव्हतं. दोन विती. साहेब वरच्या पायरीवर उभे राहून कुणाला तरी हाक मारत होते, पुढचं दार उघडं होतं आणि आतल्या खुर्च्या दिसत होत्या, वेताच्या, पांढऱ्या गाद्यांच्या. आता टाकला आणि गेला तर मघाशी का गेला नाही? आणि आताही नाही गेला तर...

"नको," सावळीराम म्हणाला. त्याने बॉल घेतला आणि खिशात पैशाशेजारी टाकला.

तो पायऱ्यांकडे निघाला. हलकं वाटणं अजून होतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती. पुढच्या महिन्यात बंगलोर. तिथेही शेवटचा होल असेल, लोक गोल उभे असतील, मनगट केसभर मिटेल. तिथे देवस्थळी साहेब नसतील, मुद्दाम सोडलास म्हणायला कुणी नसेल.

मी असेन.