भागीरथीबाईंच्या जठराची रेघ

उपाशीपोटी.

भागीरथीबाईंच्या पोटावर तीन चकत्या चिकटवल्या. चकत्यांच्या तारा यंत्रात. यंत्रातून कागद. कागदावर रेघ: वर, खाली, वर. मिनिटाला तीन लाटा.

"सुई टोचनार?"

"नाही आजी. पोट काय बोलतंय ते बाहेरूनच ऐकायचं," डॉ. जयमाला म्हणाल्या.

"घरात माज्या तोंडाचं कोन ऐकत नाय, पोटाचं बरं ऐकता!"

मुलगा धर्मराज हसला नाही. पावसाळ्यापासून आई खाल्लेलं ओकत होती. दुर्बिणीच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं. आज जठर मंद निघालं तर ऑपरेशन. वडील ऑपरेशनला गेले ते घणसोलीला घरी परत आलेच नव्हते.

खाल्ल्यानंतर.

डॉक्टरांनी उकडलेली अंडी आणि पाव दिला. "संपवा. अन्न गेलं की लाटा मोठ्या व्हायला हव्यात." त्या दुसऱ्या पेशंटकडे जाऊन आल्या. ताटली रिकामी.

रेघ: वर, खाली, वर. तेवढीच.

बराच वेळ. तेवढीच.

"जेवण आल्याचं जठराला कळतच नाहीये," त्या हळू म्हणाल्या. "सर्जनना बोलवते."

मध्येच.

(धर्मराज पांढराफटक. भागीरथीबाई छताकडे बघतायत.)

"डॉक्टर, अंडी मी खाल्ली."

"काय?"

"आज संकष्टी. चंद्र दिसल्याशिवाय आई खात नाही. मला म्हणाली, तू खा."

"डाक्टरीन बायनी हातानी आनून दिलं," भागीरथीबाई म्हणाल्या. "नको कसं बोलनार? वाईट वाटलं असतं तिला."

जयमालांनी कपाळावर हात मारला. "मग तारा यांच्या पोटाला लावायला हव्या होत्या!"

दुसऱ्या दिवशी, खरोखर खाल्ल्यानंतर.

डॉक्टर समोर खुर्ची टाकून बसल्या. धर्मराजला दाराबाहेर काढलं.

रेघ: वर. खाली. वर.

आणखी

वर.

"जठर ठणठणीत आहे, आजी. तुमच्या कागदांत गुडघ्याच्या गोळ्या दिसतायत. त्या रिकाम्या पोटी घेता?"

"हप्त्याला तीन उपास माजे. उपासाला मंग कशा घेनार?"

"त्या आजपासून बंद. ओकाऱ्या बहुतेक त्यांच्याच. ऑपरेशन नाही."

व्हरांड्यात धर्मराज भिंतीला टेकून घसरत खाली बसला आणि तोंडावर रुमाल धरून रडू लागला. आई बाहेर आली.

"ऊठ रं. महाप्याच्या कंपनीत दुपारची पाली हाय ना तुजी?"

"बस जरा, आये."

ती गुडघा धरून सावकाश त्याच्या शेजारी फरशीवर बसली.